हजार प्रती कुणासाठी?

बीड जिल्ह्यातून आलेलं एक पत्र या वेळी उत्तरासाठी घेतलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हणून कळवलं आहे. पत्र थोडं कमी करून देते.

“मी एकोणतीस वर्षं आरोग्यसेविका होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. उपकेंद्रात रात्री-अपरात्री एकटीनं केलेली बाळंतपणं, ऊसतोडीला गेलेल्या बायांची डोस चुकलेली लेकरं, पोलिओचे बूथ, कुटुंबकल्याणाचे कॅम्प, कोविड, हे सगळं मी वह्यांत लिहीत गेले. दोन नावाजलेल्या प्रकाशकांना पाठवलं. एकाचं उत्तर नाही, दुसऱ्यांनी सध्या नवीन हस्तलिखितं घेत नाही असं कळवलं. तिसऱ्यांचा मात्र आठवड्यात फोन आला. ९५ हजार भरा, १ हजार प्रती, आयएसबीएन नंबर, मुखपृष्ठ, प्रकाशन सोहळा, सगळं पॅकेजमध्ये. आमचे हे म्हणतात, पैसे एफडीत टाक. मुलगा म्हणतो, ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक टाकू, फुकटात होतं. माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीनं कवितांच्या हजार प्रती छापल्या होत्या, त्यातल्या सातशे अजून दिवाणात आहेत. तरी काहींची स्वतः छापलेली पुस्तकं चालतातच ना? ते कशावर ठरतं? नशिबावर? मी छापू का?”

ताई,

छापा. पण ९५ हजार भरू नका, हजार प्रती छापू नका, आणि येत्या सहा महिन्यांत तर काहीच छापू नका. हे तुम्हाला उलटसुलट वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आयुष्याची बरीच वर्षं मुद्रितं (प्रुफं) तपासण्यात आणि पुढे संपादनात घालवली. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. निवृत्त तलाठी, पोस्टमास्तर, कवी, कीर्तनकार, शेतकरी. त्यांतल्या काहींच्या दोन-तीन आवृत्त्या निघाल्या, बऱ्याच जणांचे गठ्ठे दिवाणात गेले. दिवाणात गेलेली पुस्तकं वाईट होती असं मला कधी वाटलं नाही. काही तर फार चांगली होती. फरक एका ठिकाणी दिसायचा. ज्यांचं पुस्तक चाललं त्यांना छापखान्यात जायच्या आधी माहीत असायचं की हे कोण वाचणार आहे. “मराठी वाचक” असं मोघम उत्तर नव्हे. नावं, गावं, कधीकधी फोन नंबरसुद्धा.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण तुम्ही एकोणतीस वर्षं ड्यू लिस्ट केली आहे. लसीकरण सत्राच्या आधी कोणत्या घरात कोणतं बाळ, कोणता डोस राहिला, कोण माहेरी गेली, कोण उसाला गेली, हे कागदावर असल्याशिवाय तुम्ही लसीचा डबा उचलत नव्हता. पुस्तकाचंही तसंच करायचं. आधी यादी, मग प्रती.

आता तुमच्या यादीत कोण येतं ते पाहू. महाराष्ट्रात ७० हजारांच्या आसपास आशा स्वयंसेविका आहेत. दहा हजारांहून जास्त उपकेंद्रं आहेत आणि तिथे तुमच्यासारख्याच सिस्टर आहेत. नर्सिंगच्या शाळा आणि कॉलेजं आहेत, तिथल्या मुली उद्या उपकेंद्रात एकट्या बसणार आहेत आणि त्यांना पहिल्या रात्रीच्या बाळंतपणाची भीती वाटते आहे. ग्रामीण भागात बंधपत्रावर जाणारे तरुण डॉक्टर आहेत. ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते आहेत. शिवाय तुमच्या हातून जन्मलेली मुलं आहेत, त्यांतली कित्येक आता पंचवीस वर्षांची असतील. एवढा स्पष्ट वाचकवर्ग फार थोड्या नवलेखकांना मिळतो. तुमच्या मैत्रिणीच्या कवितांना तो नव्हता, त्यात तिचा दोष नाही. कवितासंग्रहाचे वाचक विखुरलेले असतात, त्यांना एकेक करून शोधावं लागतं, आणि ते शोधायचं काम तिला कुणी सांगितलंच नाही.

आणखी एक. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा पल्स पोलिओ मोहीम नुकती सुरू झाली होती, १९९५ मध्ये. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, आशा आल्या, जननी सुरक्षा योजना आली, घरची बाळंतपणं दवाखान्यात येऊ लागली. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण नाही. मग कोविड. हा सगळा काळ अहवालांत आकड्यांनी लिहिलेला आहे. गावच्या सिस्टरच्या बाजूनं मराठीत फार थोडा लिहिला गेला आहे. म्हणून हे पुस्तक यावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते घाईनं, चुकांसकट, दिवाणात जाण्यासाठी यावं असं वाटत नाही.

तुम्ही विचारलंत, यश कशावर ठरतं, नशिबावर का? थोडं नशीब असतंच. २०१२ मध्ये इंग्रजीत एक पाहणी प्रसिद्ध झाली होती, स्वतःची पुस्तकं स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या १,००७ लेखकांची. त्यांची वर्षाची सरासरी कमाई १० हजार डॉलर निघाली. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातल्या निम्म्या लेखकांना ५०० डॉलरसुद्धा मिळाले नव्हते. दहा टक्क्यांहूनही कमी लेखकांनी एकूण कमाईतला पाऊण वाटा नेला होता. म्हणजे सरासरीवर विसंबू नये. पण त्याच पाहणीत मला कामाची वाटलेली गोष्ट दुसरी आहे. ज्यांनी संपादन आणि मुद्रितशोधनासाठी दुसऱ्याची मदत घेतली त्यांची कमाई सरासरीपेक्षा जास्त होती, आणि मुखपृष्ठासाठीही जाणकाराची मदत घेतली त्यांची आणखी जास्त. ही पाहणी परक्या बाजारातली आणि जुनी आहे, तिचे आकडे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण ‘सगळं मी एकटी करीन’ म्हणणारं पुस्तक मागे पडतं, हे मी इथेही पाहिलं आहे.

आपल्याकडचंच एक उदाहरण देते. १९७६ मध्ये मुंबईत चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ नावाची छोटी प्रकाशनसंस्था काढली. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल. स्वतःच्या इंग्रजी कविता स्वतःच छापायच्या म्हणून. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलाकार, पुस्तकांची मुखपृष्ठं त्यांनी केली. त्यातून आलेल्या कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या कवितासंग्रहाला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालं. स्वतः छापलेलं पुस्तक म्हणजे हौशी पुस्तक, असं कुणी म्हणालं तर मी हे उदाहरण सांगते. तिथे चार जाणकार डोळ्यांच्या जोड्या होत्या आणि पुस्तक हातात घेतल्यावर ते दिसत होतं.

त्याहून जुनी एक गोष्ट तुमच्या जास्त उपयोगाची आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. ‘दीनबंधू’ साप्ताहिकानं सुरुवातीची प्रकरणं छापली आणि पुढे थांबवलं. संपूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापून आलं नाही. पण फुल्यांनी ते ठिकठिकाणी जाऊन वाचून दाखवलं होतं. मुंबई-पुण्यात, आणि जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावांतही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही ऐकलं. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यासमोर जाऊन वाचायचं, याला पैसा लागत नाही.

तुम्हीही पुढचे सहा महिने हेच करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक सभा असते. तुमच्या जुन्या केंद्राच्या डॉक्टरांना विचारून सभा संपल्यावर वीस मिनिटं मागून घ्या आणि एक प्रकरण वाचा. बायका कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे मोबाइल काढतात, ते मनात टिपून ठेवा. मोबाइल निघाला ती पानं कमी करायची आहेत. वाचून झालं की वही फिरवा: पुस्तक आलं तर कुणाला हवं, नाव, गाव, नंबर. पैसे लगेच मागू नका. एका सभेत दहा नावं आली तरी पुष्कळ झालं. जवळच्या नर्सिंग स्कूलच्या मॅडमना भेटा, मुलींसमोर वाचा. एक प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा, पण मे-जूनमध्येच, नंतर अंक भरलेले असतात. एखादं प्रकरण जिल्ह्याच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीला द्या आणि शेवटी तुमचा संपर्क छापायला सांगा.

इंग्रजीत पौराणिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमीश त्रिपाठींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचं पहिलं पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारलं होतं. २०१० मध्ये ते निघालं तेव्हा त्यांनी पहिलं प्रकरण वेगळं छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटायला ठेवलं. वाचलेल्या माणसाला पुढचं हवं असतं, एवढाच त्यामागचा हिशेब होता. अमेरिकेत अँडी वीअर यांनी मंगळावरची आपली कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणानं फुकट दिली. वाचक चुका दाखवत गेले, ते दुरुस्त करत गेले, आणि वाचकांनीच मागितली म्हणून २०११ मध्ये ती किंडलवर आली. दोघांनाही पुढे मोठे प्रकाशक मिळाले. तुम्हाला मिळतील असं मी सांगत नाही. पण आधी थोडं वाचायला द्यायचं, हे दोघांनीही केलं.

आता त्या पॅकेजविषयी. प्रकाशकाला पैसे देऊन पुस्तक काढणं हे पाप नाही, मराठीत ते सर्रास चालतं आणि काही जण ते प्रामाणिकपणे करतात. पण आधी हिशेब करू. ९५ हजारांत हजार प्रती म्हणजे प्रत ९५ रुपयांना, स्वस्त वाटते. त्यातल्या ३०० विकल्या गेल्या आणि बाकी दिवाणात गेल्या, तर विकलेली प्रत तुम्हाला सुमारे ३१७ रुपयांना पडली. आयएसबीएन नंबर भारतात विनामूल्य मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून, ऑनलाइन अर्ज करून. लेखकाला स्वतःच्या नावानं मागता येतो. तो नंबर म्हणजे पुस्तकाची ओळख, त्यानं एकही प्रत जास्त खपत नाही. प्रकाशन सोहळ्यात शाली, नारळ, मंडप आणि पाहुण्यांचा गाडीखर्च जातो, आणि आलेले नातेवाईक प्रत भेट म्हणून नेतात. सोहळा करायचाच असेल तर १२ मेला करा, परिचारिका दिनाला, एखाद्या नर्सिंग कॉलेजात. हॉल त्यांचा, श्रोते तुमचेच.

तरी कुणाशी करार करायचा ठरलाच, तर सही करण्याआधी हे लेखी घ्या: कॉपीराइट माझाच राहील, प्रती किती छापल्या आणि त्यातल्या माझ्या ताब्यात किती, उरलेल्या कोण, किती किमतीला विकणार, आणि छपाईची अंतिम फाइल व मुखपृष्ठाची मूळ फाइल मला मिळेल. शेवटची अट लोक विसरतात. पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की कळतं, फाइल त्यांच्याकडे आहे आणि ते फोन उचलत नाहीत. माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं हेच झालं. प्रकाशकाचं नाव सांगत नाही, पण १४४ पानं मला पुन्हा पहिल्यापासून टाइप करून घ्यावी लागली. कॉपीराइट मिळवायला नोंदणी लागत नाही, लिहिलंत तेव्हाच तो तुमचा झाला. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कायद्यानं ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात दिसला तर पेन खाली ठेवा.

छापण्याच्या आधी संपादन. यावर मी जास्त लिहिते, कारण तुमच्या पुस्तकात ते नुसतं ऱ्हस्व-दीर्घाचं काम नाही. तुमच्या पानांत माणसांची गुपितं आहेत. गर्भपात झालेल्या बायकांचे प्रसंग असतील, एचआयव्ही असेल, मारहाण, सासरचा जाच, लहान वयातलं बाळंतपण. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं, डॉक्टरनं त्या स्त्रीची ओळख उघड करण्याला शिक्षेची तरतूद केली आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या बाईनं सिस्टरवर विश्वास टाकला होता, लेखिकेवर नव्हे. नुसतं नाव बदलून भागत नाही. बाराशे वस्तीच्या गावात ‘शाळेमागच्या घरातली, नवरा ट्रॅक्टरवर, तीन मुलींवर मुलगा’ एवढं लिहिलं की बाई ओळखू येते. गाव बदला, वर्ष पुढे-मागे करा, दोन बायांचे तपशील एकत्र करा, आणि सुरुवातीला वाचकाला सांगून टाका की असं केलं आहे. काही प्रसंग मात्र कसेही बदलले तरी ओळखू येतील. ते त्या बाईला विचारून लिहा, ती नको म्हणाली तर सोडा. पुस्तक थोडं बारीक झालं तरी चालेल. मागे मी एका शिक्षकाचं आत्मकथन पाहिलं होतं. एका विद्यार्थिनीचा प्रसंग तसाच छापला गेला, आणि पुस्तकाच्या दोनशे प्रती त्यांना स्वतः घरोघर जाऊन परत आणाव्या लागल्या. ते पुस्तक नंतर कुणी वाचलं नाही.

हे काम स्वतःच्या पुस्तकावर स्वतःला जमत नाही. संपादक शोधा, पैसे देऊन शोधा. त्यांना दहा पानं करून दाखवायला सांगा. तुमची भाषा ‘शुद्ध’ करून पुण्याची केली तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा. ‘बाळंतीण अडली’, ‘पोरगं निळं पडलं’, ‘कोयत्याला गेली’ हे तुमचे शब्द तसेच राहिले पाहिजेत. प्रमाण लेखनाचे नियम निवेदनापुरते पाळा, माणसं बोलतील ती बीडचीच बोलू द्या. औषधांची नावं, योजनांची वर्षं, डोसाचं वेळापत्रक मात्र एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुमचे पहिले वाचक हेच ओळखणारे आहेत, एक चूक सापडली तर त्यांचा बाकी पानांवरचा विश्वास जाईल.

छपाईत दोन-तीन गोष्टी सांभाळा. अक्षरजुळणी युनिकोडमध्ये करून मागा. बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. छपाईला ते चालतं, पण पुढे ई-पुस्तक करताना सगळा मजकूर बदलून घ्यावा लागतो आणि जोडाक्षरं तुटतात. पानं सोळाच्या पटीत बसवा, कारण फॉर्मा सोळा पानांचा असतो; १७६ पानं म्हणजे बरोबर अकरा फॉर्मे. डेमी हा नेहमीच्या पुस्तकाचा आकार, नॅचरल शेडचा (किंचित पिवळसर) कागद, अक्षर जरा मोठं. तुमच्या कितीतरी वाचक चष्म्याच्या वयाच्या आहेत. मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप, सूर्योदय आणि मातेचे हात नकोत. लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून शेताच्या बांधावरून चाललेली सिस्टर, एवढं एक चित्र पुरे आहे.

आता पैसे. मी धरलेले आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तीन छापखान्यांचे दर लेखी घ्या. समजा ३०० प्रती, छपाई ११० रुपये प्रत, म्हणजे ३३ हजार. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून २२ हजार. एकूण ५५ हजार. छापील किंमत २५० रुपये ठेवलीत आणि थेट वाचकाला २०० ला दिलीत, तर २७५ प्रतींना खर्च भरून निघतो. हीच पुस्तकं वितरकाला ५० टक्क्यांनी दिलीत, तर सगळ्या ३०० जाऊनही हातात साडेसदतीस हजार येतात, तेही कधी येतील ते त्यांच्या सोयीनं. म्हणून पहिली आवृत्ती दुकानांसाठी नाही, वहीतल्या नावांसाठी आहे. प्रकाशनपूर्व सवलत द्या, १८० रुपये, पोस्टेज वेगळं, दीडशे जणांचे पैसे जमा झाल्यावरच छापखान्याला फाइल पाठवा. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोश आधी वर्गणीदार मिळवूनच उभा राहिला. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीनं सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून पुस्तकं काढली. दीडशे जमले नाहीत तर वर्षभर थांबा आणि वाचत राहा. तीनशे संपल्या तर दुसरी आवृत्ती काढा. तेव्हा संपादन आणि मुखपृष्ठाचा खर्च नसतो, फक्त छपाई, आणि लेखकाच्या हातात खरे पैसे तिथून येऊ लागतात.

मुलाचं म्हणणंही ऐका, पण त्याचा क्रम बदला. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत आणि लेखकाला स्वतः टाकता येतात, त्याला खर्च नाही हे खरं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रक्कम हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ‘फक्त किंडलवर’ अशा योजनेत, घालावं लागतं, आणि त्या मुदतीत ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. नाहीतर ३५ टक्के. पण तुमच्या आशाताई किंडलवर पुस्तक विकत घेतील असं मला वाटत नाही. त्या मोबाइलवर ऐकतील. म्हणून मुलाला सांगा, तुमच्या आवाजात एक प्रकरण रेकॉर्ड करून दे. ते व्हॉट्सॲपच्या गटांत फिरू दे. परदेशातल्या मराठी माणसांसाठी ई-पुस्तक छापील आवृत्तीनंतर दोन-तीन महिन्यांनी काढा.

काही सरकारी गोष्टी वेळेवर केल्या तर उपयोगी पडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्याच पुस्तकासाठी आहे, आणि हस्तलिखित अप्रकाशित असावं लागतं. म्हणजे ९५ हजार भरून छापलंत की ती वाट बंद झाली. मंडळाची जाहिरात आली की साहित्यप्रकार आणि अटी नीट वाचून अर्ज करा, निकाल लागेपर्यंत सभांमधलं वाचन चालू ठेवा. स्वतः छापलंत तर कायद्यानं प्रकाशक तुम्हीच. तेव्हा पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीची ठरवून दिलेली ग्रंथालयं, अशा चार ठिकाणी एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. बहुतेक लोक टाळतात. तुम्ही टाळू नका. दिवाणातल्या प्रतींना वाळवी लागते, तिथली प्रत टिकते. गावोगावच्या अ, ब, क, ड वर्गाच्या वाचनालयांना अनुदानातून पुस्तकं घ्यायची असतात, पण ती मोठी सवलत मागतात. त्यांना द्या, त्यावर हिशेब मात्र धरू नका. पोस्टानं मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा सुरू केली आहे, तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते काउंटरवर विचारून घ्या.

यजमानांना सांगा, बरेचसे पैसे एफडीत टाकता येतील. वहीत दीडशे नावं झाली की त्यांनाच ती वही मोजायला द्या.

तुमच्या मैत्रिणीच्या सातशे प्रतींचं मला वाईट वाटलं. त्यांना एक निरोप द्या. एकदम विकायचा प्रयत्न सोडा, शाळांच्या स्नेहसंमेलनात कविता वाचा, वाचलेली कविता ज्या मुलीला आवडली तिला प्रत द्या, पन्नास रुपयांना, नाहीतर तशीच. वर्षाला साठ-सत्तर घरांत पुस्तक जाईल. त्या शिक्षिका आहेत, वर्गात कविता कशी वाचायची ते त्यांना मी सांगायला नको.

शेवटी, तुम्ही नमुन्याला म्हणून जी सहा पानं पाठवलीत ती मी दोनदा वाचली. सुरुवात तुमच्या जन्मापासून आहे, मग शाळा, मग मावशीकडे राहून नर्सिंगचं शिक्षण. ते राहू द्या, पण नंतर घ्या. पाचव्या पानावर तुम्ही लिहिलंय की उसाच्या फडातून बैलगाडीत आणलेल्या बाईचं बाळ उपकेंद्राच्या दारातच झालं, लाइट नव्हती, आणि गाडीवानानं बैलांपुढचा कंदील सोडून तुमच्या हातात दिला. पुस्तक तिथून सुरू करा. आशांच्या पहिल्या सभेतही तेच वाचा, आणि त्या दिवशी वहीत किती नावं आली ते मला कळवा.